एआयचा तास ग्रंथपालाने कसा घ्यावा? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण जनरेटिव्ह एआयबद्दलचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं वैद्यकीय आणि नर्सिंग महाविद्यालयांतल्या ग्रंथपालांची निघाली. मी स्वतः आरोग्यविज्ञानाच्या ग्रंथालयात काम करते आणि पीजीच्या विद्यार्थ्यांना साहित्यशोध शिकवते, त्यामुळे हे प्रश्न माझ्याही रोजच्या कामातले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी वैद्यकीय महाविद्यालयात नव्यानेच ग्रंथपाल म्हणून रुजू झालो आहे. अधिष्ठात्यांनी पीजीच्या पहिल्या वर्षासाठी 'एआय आणि संशोधन' या विषयावर एक तास घ्यायला सांगितलं आहे. माझं शिक्षण ग्रंथालयशास्त्राचं. मशिन लर्निंगमधलं मला काही कळत नाही आणि विद्यार्थी ही साधनं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वापरतात. त्यांना मी काय शिकवणार?

उत्तर : तास जरूर घ्या. त्या तासाला लागणारं कसब तुमच्याकडे आधीपासून आहे. एखादा लेख खरोखर छापला गेला आहे का, कुठे छापला, त्यात नेमकं काय म्हटलं आहे आणि पुढे त्या लेखाचं काय झालं, हे शोधून काढणं हाच तर आपला व्यवसाय. विद्यार्थी चॅटबॉट सराईतपणे वापरतात हे खरं आहे. पण त्याचं उत्तर पडताळायचं कुठे आणि कसं, हे त्यांना बहुधा कुणी दाखवलेलं नसतं.

यंत्रणा कशी चालते ते पाच मिनिटांत सांगून मोकळे व्हा. न्यूरल नेटवर्कच्या आकृत्या दाखवत बसलात तर अर्धा तास त्यातच जाईल. एवढं सांगितलं तरी पुरतं : हे मॉडेल अफाट मजकुरावरून शिकलेलं असतं आणि आधीच्या शब्दांनंतर पुढे काय येण्याची शक्यता जास्त, हे ठरवत ते उत्तर रचत जातं. कुठलीही लेखसूची न उघडता रेफरन्ससुद्धा ते असाच रचू शकतं. वैद्यकीय रेफरन्सचा साचा ठरलेला असतो : लेखकांची नावं, शीर्षक, जर्नलचं संक्षिप्त नाव, वर्ष, खंड, पानं. मग त्या विषयावर खरोखर काम करणाऱ्या संशोधकाचं नाव येतं, जर्नलही खरं येतं, आणि लेख मात्र कुणीच लिहिलेला नसतो. ओळखीच्या नावांमुळेच विद्यार्थी फसतात.

याला आकड्यांचा आधार हवा असेल तर २०२३ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलेला एक अभ्यास वर्गात दाखवा. त्यात ४२ विषयांवर चॅटजीपीटीकडून छोटे निबंध लिहून घेऊन त्यांतले ६३६ संदर्भ तपासले होते. जीपीटी-३.५ ने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के आणि जीपीटी-४ ने दिलेल्यांपैकी १८ टक्के बनावट होते. जे खरे होते त्यांतही अनुक्रमे ४३ आणि २४ टक्क्यांमध्ये महत्त्वाच्या चुका होत्या. हे आकडे त्या वेळच्या त्या दोन आवृत्त्यांचे आहेत, आजच्या साधनांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हेही तिथेच सांगा. पडताळणी शिकवणाऱ्या माणसाने आकडा त्याच्या मर्यादेसकट सांगायला हवा, याबाबत मी फार आग्रही आहे.

त्यानंतरचा सगळा वेळ विद्यार्थ्यांच्या हातात द्या. माझा अनुभव असा की आपण निवडलेल्या उदाहरणापेक्षा त्यांच्या स्वतःच्या प्रबंधाचा विषय घेतला की वर्ग जागा होतो. अस्थिरोग विभागाच्या रेसिडेंटला त्याच्याच विषयावरचे रेफरन्स तपासायला सांगा, तो डोळे फाडून तपासतो. वेबशोध बंद ठेवून चॅटबॉटकडे पाच रेफरन्स मागायचे, प्रत्येकाचा पीएमआयडी, म्हणजे पबमेड या वैद्यकीय लेखांच्या मोफत सूचीतला क्रमांक, मागायचा, आणि मग जोडीजोडीने पबमेड उघडून बसायचं.

इथे एक सापळा आहे, तो तुम्हाला आधी माहीत असू द्या. पीएमआयडी टाकला आणि पान उघडलं की विद्यार्थी 'मिळाला' म्हणून पुढे जातात. पबमेडमध्ये ३ कोटी ७० लाखांहून अधिक नोंदी आहेत. कुठलाही आठ आकडी क्रमांक ठोकून दिला तरी तो कुठल्या ना कुठल्या लेखाचा निघण्याची शक्यता बरीच असते. विचारलं मधुमेहाबद्दल आणि उघडला दातांच्या शस्त्रक्रियेचा लेख, असं होतं. म्हणून शीर्षक, पहिला लेखक, जर्नल, वर्ष आणि पानं हे सगळं जुळवायला लावा. क्रमांकच नसेल तर पबमेडचं 'सिंगल सायटेशन मॅचर' दाखवा. हे साधन कित्येक वर्षं तिथे आहे, पण पीजीच्या मुलांपैकी फार थोड्यांनी ते उघडलेलं असतं.

लेख सापडला की काम अर्धंच झालं. आता अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे लेखाचा सारांश वाचून तीन गोष्टी बघायच्या : अभ्यास कुणावर झाला, कोणत्या पद्धतीने झाला आणि निष्कर्ष किती ठामपणे मांडला आहे. उंदरांवरचा प्रयोग उत्तरात रुग्णांवरचा झालेला दिसतो. 'संबंध आढळला' याचं 'मुळे होतं' असं होऊन जातं. हा फरक त्यांनी स्वतः पकडला की तो त्यांच्या लक्षात राहतो, आपण फळ्यावर लिहून दिला की राहत नाही.

शेवटी, तो लेख मागे घेतला गेला आहे का, हे बघायला लावा. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा 'लॅन्सेट'मधला १९९८ चा लेख पूर्णपणे मागे घेतला गेला तो २०१० साली. मधल्या १२ वर्षांत त्याचे उल्लेख कुठे कुठे पसरले असतील, त्याची कल्पना करायला सांगा. मॉडेल शिकतं ते याच सगळ्या मजकुरातून. पबमेडच्या पानावर 'रिट्रॅक्टेड' अशी ठळक सूचना दिसते, चॅटबॉटच्या उत्तरात ती दिसेलच अशी खात्री नाही. मागे घेतलेल्या लेखांची 'रिट्रॅक्शन वॉच'ची यादी २०२३ मध्ये संशोधन लेखांची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने घेतली आणि ती सर्वांना मोफत खुली केली. तिचीही ओळख करून द्या.

आणखी एक करा. सगळ्यांना एकच प्रश्न शब्दशः तसाच टाकायला लावा आणि उत्तरं मोठ्याने वाचायला सांगा. शेजारी बसलेल्या दोघांना वेगवेगळी उत्तरं आलेली पाहून वर्गात जी शांतता पसरते, ती मला फार मोलाची वाटते. जे रेफरन्स बरोबर निघाले तेही फळ्यावर लिहा. यंत्राला खोटं पाडण्यासाठी हा तास घेतलेला नाही, आणि मुलांना तसा वास आला तर ती पुढचं ऐकत नाहीत.

प्रश्न : नवी एआय साधनं वेबवर किंवा लेखसंग्रहात शोध घेऊन खऱ्या लेखांच्या लिंक देतात. बनावट रेफरन्सचा धडा आता जुना झाला नाही का? आमच्याकडचे काही अध्यापक तर सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने गोळा करून घेतलेल्या आढाव्याचा) शोधही एआयकडूनच करून घ्या म्हणतात. – सहायक ग्रंथपाल, नर्सिंग महाविद्यालय

उत्तर : निम्मं बरोबर आहे. पर्प्लेक्सिटी, कन्सेन्सस, एलिसिट यांसारखी साधनं आधी लेख शोधतात आणि मग त्यांच्या आधारे उत्तर लिहितात. त्यामुळे मुळात नसलेला लेख दिसण्याचं प्रमाण कमी होतं. पण लेख खरा आणि त्याच्या नावावर खपवलेलं विधान चुकीचं, ही चूक उरतेच. ती पकडणं जास्त कठीण असतं, कारण लिंक उघडते आणि लिंक उघडली की मन निर्धास्त होतं.

यासाठी माझा वर्गातला पाठ वेगळा असतो. एआयच्या उत्तरातलं एकच वाक्य घ्यायचं, त्याला जोडलेला लेख उघडायचा आणि त्या वाक्याला आधार देणारी ओळ लेखात शोधून अधोरेखित करायची. मग तीन गट : लेखात आहे, लेखात नाही, आणि लेखात आहे पण वेगळ्या रुग्णांबद्दल. तिसऱ्या गटावर खरी चर्चा रंगते. प्रौढांवरची चाचणी आणि प्रश्न लहान मुलांचा, अतिदक्षता विभागातले रुग्ण आणि प्रश्न बाह्यरुग्ण विभागातला. नर्सिंगच्या विद्यार्थिनी हे फार चटकन पकडतात, कारण समोरचा रुग्ण कोण आहे हे आधी बघायची सवयच त्यांना लागलेली असते.

उत्तरात काय नाही, हेही विचारायला शिकवा. ज्या लेखांचा पूर्ण मजकूर शुल्काआड असतो, त्यांचं फक्त अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचून साधन बोलत असू शकतं. आणि जुनं ज्ञान नव्याच्या शेजारी बिनदिक्कत बसतं. मूत्रपिंडाचं कार्य मोजण्याच्या सूत्रात पूर्वी कृष्णवर्णीय रुग्णांसाठी वेगळा गुणक असे. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय समीकरणातून तो काढून टाकण्यात आला. तरीही २०२३ मध्ये 'एनपीजे डिजिटल मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात तपासलेल्या चारही मॉडेल्सनी वंशावर आधारलेल्या अशा कालबाह्य समजुती कुठे ना कुठे पुढे रेटल्या. वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर पूर्वग्रहाचा विषय काढायचा असेल तर यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही, कारण समीकरण त्यांच्या रोजच्या वापरातलं असतं.

आता सिस्टिमॅटिक रिव्ह्यूबद्दल. शोध एआयवर सोपवू नका, हे तुमच्या अध्यापकांना ठामपणे सांगा. अशा रिव्ह्यूत एक चाचणी निसटली तरी निष्कर्ष बदलू शकतो. चॅटजीपीटीने तयार केलेल्या बूलियन (AND, OR, NOT ने शब्द जोडून बांधलेल्या) शोधसूत्रांवरचं २०२३ चं एक संशोधन सांगतं की त्या सूत्रांनी आणलेले लेख बऱ्यापैकी नेमके होते, पण संबंधित लेखांपैकी पुष्कळ निसटले, आणि मेशच्या, म्हणजे पबमेडच्या ठरलेल्या विषयसंज्ञांच्या यादीतल्या, संज्ञाही चुकीच्या आल्या. शिवाय शोध जसाच्या तसा दुसऱ्याला करता आला पाहिजे. 'प्रिझ्मा-एस' ही २०२१ ची १६ कलमी यादी त्यासाठीच आहे, आणि चॅटबॉटशी झालेलं संभाषण तिच्या कसोटीला उतरत नाही.

पण समानार्थी संज्ञा सुचवण्याच्या कामात एआय मला मनापासून उपयोगी वाटतो. 'हृदयविकाराचा झटका' ही कल्पना लेखांच्या शीर्षकांत किती तऱ्हांनी येते, व्यापारी नावं कोणती, जुनी नावं कोणती, अशी कच्ची यादी तो झटपट देतो. मग त्यातली प्रत्येक संज्ञा मेश डेटाबेसमध्ये आपण तपासायची. तिथे ३०,००० हून अधिक संज्ञा आहेत आणि एआयने सुचवलेली त्यांत असेलच असं नाही. सूत्र पबमेडमध्ये टाकल्यावर अ‍ॅडव्हान्स्ड पानावरचे 'डिटेल्स' उघडून बघायचं, पबमेडने तुमच्या शब्दांचा काय अर्थ लावला ते तिथे उलगडतं. आणि या विषयावरचे हमखास यायलाच हवेत असे जे लेख अध्यापकांना ठाऊक आहेत ते निकालात आले का, ते पाहायचं. एक जरी आला नाही तरी सूत्र पुन्हा बांधायचं. एआयची मदत घेतलीच असेल तर साधनाचं नाव, आवृत्ती, तारीख आणि विचारलेला प्रश्न जपून ठेवायला सांगा, पद्धतीच्या भागात ते लिहावं लागेल.

प्रश्न : विद्यार्थी असाइनमेंट एआयकडून लिहून आणतात. ग्रंथालयाने एआय ओळखणारं सॉफ्टवेअर घ्यावं का? – प्राध्यापिका

उत्तर : माझं मत : घेऊ नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात अशा सात साधनांना इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल परीक्षेतले निबंध दिले, तेव्हा त्यांतले सरासरी निम्म्याहून अधिक निबंध 'एआयने लिहिलेले' ठरवले गेले. साधं, मोजक्या शब्दांतलं इंग्रजी लिहिणाऱ्या प्रामाणिक मुलीवर आळ येणं मला सहन होण्यासारखं नाही, आणि आपल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचं इंग्रजी असंच असतं.

त्याऐवजी असाइनमेंटची रचना बदला. प्रत्येक संदर्भासोबत मूळ लेखातली ती ओळ आणि 'हा लेख मी का निवडला' याची दोन वाक्यं मागा. एआय वापरला असेल तर कशासाठी, ते शेवटी लिहायला सांगा. ही सवय पुढे कामाला येते. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयसीएमजेईने, मे २०२३ मध्ये स्पष्ट केलं की एआयला लेखक म्हणून नाव देता येणार नाही, कारण तो मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. लेखनात मदत घेतली तर ऋणनिर्देशात आणि विश्लेषणात किंवा आकृत्यांसाठी वापरला तर पद्धतीच्या भागात तसं नमूद करावं लागतं.

प्रश्न : मॅडम, मी मेडिसिनचा रेसिडेंट आहे. राउंडनंतरच्या केस समरीची भाषा मोफत चॅटबॉटकडून नीट करून घेतो. रुग्णाचं नाव काढून टाकतो. एवढं पुरेसं आहे ना?

उत्तर : नाही, पुरेसं नाही. वय, दुर्मिळ आजार, दाखल झाल्याची तारीख, गाव आणि व्यवसाय एकत्र आले की माणूस ओळखता येतो. रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेबद्दलच्या अमेरिकेच्या हिपा कायद्याखालच्या नियमांत काढून टाकायच्या ओळखखुणांचे १८ प्रकार दिले आहेत, नाव हा त्यांतला फक्त एक. तुमच्यावर तो कायदा लागू असो वा नसो, यादी म्हणून ती जवळ ठेवण्यासारखी आहे. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव आणि नोंदणी क्रमांक छापलेला असतो, डायकॉम फाइलच्या (एक्स-रे, स्कॅन साठवण्याच्या फाइलच्या) आत तर न दिसणारी माहितीही असते. तुम्ही टाकलेला मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो, आणि सेटिंगनुसार पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठीही वापरला जाऊ शकतो. रुग्णाने त्याला संमती दिलेली नसते.

रुग्णालयाने मंजूर केलेली, करार केलेली यंत्रणा असेल तरच खऱ्या रुग्णाचा मजकूर तिच्यात टाका. नसेल तर थांबा. आणि भाषा सुधारून आलेली समरी मूळ नोंदीशी ओळीओळीने ताडा, विशेषतः औषधांच्या मात्रा आणि अ‍ॅलर्जी. ग्रंथपाल वाचकांसाठी : वर्गात सराव घेताना पूर्णपणे काल्पनिक रुग्णच वापरा. पीअर रिव्ह्यूसाठी, म्हणजे छापण्याआधी तज्ज्ञांनी तपासण्यासाठी, आलेली हस्तलिखितंही याच नियमात बसतात, ती गोपनीय असतात आणि चॅटबॉटमध्ये टाकायची नसतात.

प्रश्न : आमच्या रुग्णालयाच्या ग्रंथालयात रुग्ण आणि नातेवाईकही येतात. हल्ली मोबाइलवरचं एआयचं उत्तर दाखवून 'हे बरोबर आहे का?' असं विचारतात. आम्ही डॉक्टर नाही. काय सांगावं?

उत्तर : या पत्राने मला खूप विचार करायला लावलं. बरोबर की चूक हा निवाडा तुम्ही देऊ नका, तो आपला अधिकार नाही. पण 'डॉक्टरांना विचारा' एवढं सांगून परतही पाठवू नका. घाबरलेला माणूस रात्री एकटा असताना त्या मोबाइललाच प्रश्न विचारणार आहे. तो नीट कसा विचारायचा, हे तुम्ही दाखवू शकता.

२०२५ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन : क्लिनिकल केसेस'मध्ये एका ६० वर्षांच्या माणसाची हकीकत आली. मिठातलं क्लोराइड आहारातून काढायचं म्हणून, चॅटजीपीटीचा सल्ला घेतल्यावर, त्याने तीन महिने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड वापरलं. शेजारी आपल्याला विष घालतोय असा संशय घेऊन तो रुग्णालयात पोहोचला आणि दाखल झाल्यावर त्याला भासही होऊ लागले. निदान झालं ब्रोमाइडच्या विषबाधेचं, जी आता क्वचितच पाहायला मिळते. क्लोराइडच्या जागी ब्रोमाइड हे उत्तर साफसफाईसारख्या दुसऱ्या एखाद्या संदर्भात चालून जाईल. खाण्याच्या बाबतीत ते घातक ठरलं.

म्हणून नातेवाईकांना सांगा, प्रश्नात 'हे आहाराबद्दल आहे', 'रुग्ण ७० वर्षांचा आहे', 'रक्त पातळ करायचं औषध चालू आहे' असा सगळा संदर्भ असू द्यावा. नाव आणि कागदपत्रांचे फोटो टाकू नयेत. उत्तरात काही थांबवायला, सुरू करायला किंवा बदलायला सांगितलं असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते करायचं नाही. मग त्यांच्याशेजारी बसून मेडलाइनप्लस उघडा. पबमेड चालवणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचीच ती रुग्णांसाठीची मोफत साइट आहे. तिथलं इंग्रजी सोपं असतं, तरी अडलं तर तुम्ही वाचून मराठीत सांगा. दोन्हीकडे जुळतं काय आणि जुळत नाही काय, ते कागदावर लिहून द्या, आणि न जुळणारे मुद्दे हेच डॉक्टरांना विचारायचे प्रश्न.

डॉक्टरांकडे जाताना त्यांनी संपूर्ण संभाषण सोबत न्यावं, फक्त उत्तर दाखवू नये. ब्रोमाइडच्या त्या रुग्णाने चॅटबॉटला नेमकं काय विचारलं होतं, ते संभाषण उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कधीच पाहायला मिळालं नाही. त्यांनी स्वतः तसाच प्रश्न विचारून पाहिला, तेव्हा उत्तरात ब्रोमाइड आलं, पण आरोग्याबाबत नेमका इशारा आला नाही. तुमच्या टेबलावर संभाषण जतन कसं करायचं किंवा त्याचे स्क्रीनशॉट कसे काढायचे, याची मोठ्या अक्षरांतली चिठ्ठी ठेवा. ज्येष्ठ नागरिकांना तेवढीच मदत हवी असते आणि ती मागायला ते संकोचतात.